प्रिंटरमधून निघालेली मगर

नागाव, सोमवार

ती. भागोजीमामांस प्राप्तीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीची शुगर उतरली का? (पेढे तुम्हीच आणून देता, हे आम्हाला कळतं.) इकडे सगळे खुशाल, आणि मी तर विजयी आहे.

झालं असं. आमच्या होमस्टेच्या कंप्युटरवर तुम्ही लिनक्स बसवून दिलंत, त्यासोबत अवाही नावाचा एक न मागितलेला प्रोग्रॅमही आला. वायफायवर जो येईल त्याला तो आमचा प्रिंटर दाखवत सुटतो. शनिवारी पाहुण्यांच्या पोरांना मोबाइलवर तो दिसला आणि त्यांनी वरच्या खोलीत बसून डायनासोर छापायला घेतले. खाली ते कागद निघताना पाहिले सासूबाईंनी. (नीराबाईंना तुम्ही ओळखताच.) "अगो प्राप्ती, सरकारी कागद आलाय, किनाऱ्यावर मगर हाय!" मी चष्मा शोधेपर्यंत बातमी बाजारात पोचली आणि दुपारपर्यंत दोन बुकिंगं रद्द!

मी पदर खोचला आणि अवाहीला काढायचा हुकूम सोडला. कंप्युटरने विचारलं, याच्यासोबत आणखीही काही जाईल, चालेल? म्हटलं, जाऊ दे. मग विचारलं, आता हे बाकीचंही कुणाला लागत नाही, काढू? (इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणणार?) पुन्हा सुरू केला तर नुसता काळा पडदा. डेस्कटॉप गेला, आणि इंटरनेट जोडणारा प्रोग्रॅमही गेला, म्हणजे गेलेलं परत आणायची वाटच बंद. हे म्हणाले, "मामांना फोन लाव." मी म्हटलं, "माझं मी बघीन."

आणि बघितलं! माझा मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट कंप्युटरला दिलं, यांच्या मोबाइलवर वाचून एकेक हुकूम टाइप केला आणि डेस्कटॉप परत आणला. त्याच्या मागोमाग अवाहीही आला, निर्लज्ज! या खेपेस मात्र मी त्याला काढलं नाही. असा बंद करून ठेवला, की दुसऱ्या प्रोग्रॅमने हाक मारली तरी उठणार नाही. पोरांनी रविवारी खूप शोधलं, प्रिंटर दिसला नाही. सासूबाईंनी मगर परत गेल्याचं गावात जाहीर केलं आणि एक बुकिंग परत आलं. हे आता मला इंजिनीअर म्हणतात.

तुमची भाची,
प्राप्ती

ता. क. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'इतरांना वापरू द्या' अशी एक खूण होती. तेवढी काढली असती तरी भागलं असतं. आज दिसली.

ता. क. २. त्या साफसफाईत मराठी कीबोर्डही गेला, काही केल्या येत नाही, म्हणून पत्र हाताने. मामा, जमेल तितक्या लवकर या. फोन केला असता, पण हे शेजारीच बसलेत.