नथ्थूच्या नावाचा संकल्प

चेरीताल, जबलपूर
१२ सप्टेंबर १९६५

ती. सौ. सत्यभामाताईस, धाकट्या बापूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. लढाई भडकल्यापासून कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत, रविवारसुद्धा सुटत नाही. मी तपासणी विभागात, म्हणजे बसल्या जागी डोळे फोडायचं काम. भट्टीवरच्यांचे हाल मात्र बघवत नाहीत. विभावरी म्हणते, आपल्या घरी एक पाहुणा उतरलाय आणि तो फक्त झोपायला येतो.

माझं गुरुवारचं प्रवचन मात्र चुकलेलं नाही. सध्या 'ईश्वराचं स्वरूप' हा विषय घेतलाय. सगुण-निर्गुणाचा भेद चार गुरुवार सोडवून सांगितला, तर मंडळाचे सेक्रेटरी भाऊराव म्हणाले, की असं नागपुरातही ऐकायला मिळत नाही. तू हसशील, पण खरंच म्हणाले.

एक गोष्ट मुद्दाम कळवतो. आमच्या भट्टीवर नथ्थू नावाचा एक कामगार आहे. त्याचा एकुलता एक मुलगा विष्णू फौजेत ट्रक चालवतो. तो सध्या पंजाबच्या सरहद्दीवर आहे आणि महिनाभर त्याचं पत्र नाही. नथ्थू माझ्या प्रवचनाला येतो, अगदी मागे चपलांपाशी बसतो. गेल्या सोमवारी तो माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, की आपल्याला देवाशी धड बोलता येत नाही, बाबूजींनीच पोरासाठी काही वाचावं. मग मंगळवारी मी हातावर पाणी घेऊन बापलेकांच्या नावानं संकल्प सोडला. एकवीस दिवस, रोज पोथी. ज्याच्या नावानं वाचायचं त्यानंही नियम पाळायचा असतो. म्हणून एकवीस दिवस एकच वेळ जेवायचं आणि जमिनीवर झोपायचं, असं त्याला बजावलं आहे. बिचारा अक्षरशः पाळतो.

भाऊजींना नमस्कार. लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, आहे त्यातला कमी करू नकोस.

तुझा
बापू


सिहोरा
१७ सप्टेंबर १९६५

चि. बापूस, ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, की मेहुणा आता महाराज झाला, पुढच्या खेपेला पाय धुवायला तांब्या-घंगाळ काढून ठेव. मला मात्र अभिमान वाटला हो. शेजारपाजारच्या दहा घरी सांगून आले, की माझा भाऊ एका फौजी पोरासाठी पोथीला बसलाय.

पण एक विचारू का? बारा तास कारखाना, वर जायला-यायला सायकल, गुरुवारी प्रवचन. मग पोथी कवा वाचून राहिला तू? तब्येतीला जप. आणि भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला एक वेळचं जेवण काहून सांगितलंस? हे देवाला विचारून सांगितलंस, की तुझ्याच मनानं?

मला तुझं सगुण-निर्गुण काही कळत नाही. माझं आपलं देवघरातल्या बाळकृष्णाशी रोजचं भांडण. परवा म्हैस दूध चोरायला लागली, तर मी त्याला म्हटलं, की लोणी तुलाच लागतं ना, मग बघ जरा तिच्याकडे. तू लहानपणापासून मला यावरून हसतोस. हस बापडा. पण नथ्थूच्या पोराचं नाव मीही रोज त्याच्या कानावर घालते.

विभावरीला सांग, दसऱ्याला तिच्यासाठी पापड धाडते. नवऱ्याला एकही देऊ नको म्हणावं.

ओढ असू दे.
ताई


चेरीताल, जबलपूर
६ ऑक्टोबर १९६५

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

नथ्थूचा विष्णू सुखरूप आहे. त्याच्या खांद्याला छर्रा लागला होता. इस्पितळात होता, म्हणून पत्र नव्हतं. दसऱ्याच्या आधी दोन दिवस ते आलं. नथ्थूनं ते छातीशी धरून आणलं आणि सगळ्या भट्टीसमोर माझे पाय धरले. मी धरू दिले. आता भाऊरावांनी ठरवलंय, की सतरा तारखेला रविवारी मंडळात सभा घ्यायची आणि नथ्थूच्या हातून मला शाल द्यायची.

ताई, मी पोथी तीनच दिवस वाचली.

चौथ्या दिवशी पाळी लांबली. पाचव्या दिवशी डोळे मिटायला लागले. म्हटलं, राहिलेलं एकदम वाचून काढू, आणि मग तो विषयच मनातून गेला. तुला ऐटीत पत्र लिहिलं तेव्हा पोथी तीन दिवस कपाटात होती. एकविसाव्या दिवशी विभावरीला शिरा करायला सांगितला. तिनं विचारलं, की पूर्ण झाली का? मी म्हटलं, पाठ मनातल्या मनातही होतो. तिनं शिरा केला, डबा भरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तो डबा मी नथ्थूला प्रसाद म्हणून दिला आणि त्यानं तो कपाळाला लावून त्यावर उपास सोडला.

मधे एक दिवस तो भट्टीपाशी चक्कर येऊन खाली बसला होता. मी त्याला गार पाणी दिलं आणि म्हटलं, की व्रतात परीक्षा होतेच, सोडू नकोस. हे मी म्हटलं, ताई. मी दोन वेळ जेवून गेलो होतो.

पण खरी लाजेची गोष्ट वेगळीच आहे. साहेबासमोर तपासणीचा एक खोटा शेरा लिहायचा म्हटला तर माझी लेखणी पुढे सरकत नाही. इथे देवापुढे पाणी सोडून दिलेला शब्द मोडला, आणि मी जेवलो, झोपलो, गुरुवारी प्रवचनाला बसलो. ईश्वर सर्वसाक्षी आहे हे पाऊण तास समजावून सांगितलं. तेव्हाही काही वाटलं नाही. म्हणजे माझ्या लेखी तिथे कोणी नव्हतंच ना? त्याच्याबद्दल मला इतकं ठाऊक आहे, आणि तो ऐकत असेल हे एकदाही मनात आलं नाही. मी घरी नसलेल्या माणसाच्या घराचा नकाशा लोकांना दाखवत होतो.

शाल घेऊ कशी, आणि नको म्हणू कोणत्या तोंडानं? काय करू ते सांग.

तुझा
बापू


सिहोरा
१० ऑक्टोबर १९६५

चि. बापूस, आशीर्वाद देते, कारण थोरलीला ते द्यावेच लागतात.

पत्र वाचून मी चुलीपाशी तशीच बसून राहिले. भात करपला. यांना सांगितलं, की लाकडं जास्त झाली.

पोथी राहिली त्याचं मला काही नाही. आईच्या आजारपणात माझ्या देवघरात महिनाभर दिवा लागला नव्हता. पण मी त्याला सांगितलं होतं, की बाबा, हात रिकामे नाहीत, सांभाळून घे. तू चौथ्या दिवशी एवढंही सांगितलं नाहीस. आणि त्याला नाही तर नाही, नथ्थूला तरी सांगायचं होतंस, की माझ्याच्यानं होत नाही, तू पोटभर जेव. माणूस उपाशीपोटी आगीपुढे उभा, आणि तू त्याला पाणी पाजून उपदेश करून राहिला! हे माझ्या भावानं केलं. दहा घरी मी कौतुक सांगून आले होते. आता पाण्याला जाताना मान खाली घालून जाते. लोकांना काही माहीत नाही, तरी घालते.

देव माफ करेल का, हे मला विचारू नकोस, त्याला विचार. पण आधी नथ्थूला सांग. शालीच्या आधी सांग, आणि तोंडानं सांग, चिठ्ठीनं नाही. सांगितल्याशिवाय भाऊबीजेला माझ्या पाटावर बसू नकोस. ओवाळायला माझा हात उठणार नाही.

माया आहेच. ती आटवणं माझ्या हातात असतं तर आज आटवली असती.

ताई


चेरीताल, जबलपूर
१९ ऑक्टोबर १९६५

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

सांगितलं.

आधी गुरुवारी पहाटेच सायकलनं नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. म्हटलं, तू म्हणतेस तसं देवालाच सांगावं. हात जोडले, तर तोंडातून श्लोक बाहेर पडला. तो थांबवला, तर दुसरा आला. शेजारी एक फुलंवाली पाण्यात पाय सोडून नर्मदामाईला खडसावत होती, की अजून एका पैशाची बोहनी नाही, तुझं लक्ष कुठे आहे. माझ्याच्यानं घरच्या भाषेतलं एक वाक्य जुळेना. तेवढ्यात एकाएकी वाटलं, की मी काय झाकून उभा आहे ते समोर कोणी तरी बघतंय. मान वर होईना. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी तसाच परत आलो, आणि त्या दिवसाचं प्रवचन तब्येतीच्या सबबीवर बंद ठेवलं. हेही खोटंच.

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत नथ्थूला बाजूला घेतलं. तीन दिवसांचं, कपाटाचं, शिऱ्याचं, सगळं सांगितलं. त्याच्या हातात पोळी तशीच राहिली. मला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळूच विचारलं, की म्हणजे इतके दिवस त्याच्या पोरासाठी कोणीच बोलत नव्हतं? मी म्हटलं, माझ्या घरून कोणीच नाही. त्यानं पोळी डब्यात परत ठेवली. मग म्हणाला, की भट्टीपुढे तो स्वतःच पुटपुटत असे, पोराला घरी आण एवढंच. पण ते आपलं अडाण्याचं बोलणं, खरं काम बाबूजींकडे चाललंय, असं तो समजत होता. त्याचे डोळे भरून आले. तर मग भगवंतानं आपलंच ऐकलं की काय, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

त्यानं मला माफ केलं का, ते ठाऊक नाही. मी विचारलं नाही. भाऊरावांनाही खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, की या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, मंडळाचं नाव जातं. तरी रविवारी मी उभा राहून सांगितलं, आणि शाल घडीसकट परत केली. गुरुवार आता बंद. येता-जाता ओळखीचे लोक मला टाळायला घड्याळ बघतात.

त्या शुक्रवारी उठताना नथ्थूनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण आजारी माणसाकडे बघतो. म्हणाला, की बाबूजींच्या घरी देवाशी बोलणारं कोणीच नाही का? मी म्हटलं, सिहोऱ्याला एक थोरली बहीण आहे, ती बोलते. तो म्हणाला, की मग दीदींनाच विचारा.

म्हणून विचारतो, ताई. हसू नकोस. तू त्याच्यापुढे बसतेस, तेव्हा पहिला शब्द कोणता बोलतेस?

उत्तराची वाट बघतो.

तुझा
बापू