मुठीतलं खत

बाबा, आज स्पष्टच सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा. तुमच्या त्या मल्याळी ऑपरेटरचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या तुमच्या खताच्या फॅक्टरीत तुम्ही त्यांना थाळीच्या यंत्रावर कामाला उभं केलंत तेव्हा मी शाळेत होते. केवढी थोरली, तिरकी, सतत फिरणारी ती थाळी. कोंबडीखत, खजुराच्या झावळ्या आणि भाजीबाजारातला कचरा कुजवून केलेला भुगा तिच्यात पडायचा, वरून पाण्याचा फवारा, आणि बघता बघता हरभऱ्याएवढे दाणे वळले जायचे. पाणी किती सोडायचं ते तुम्ही मुठीवरून ठरवायचात. माल मुठीत दाबला की गोळा व्हायला हवा आणि टिचकीसरशी फुटायला हवा. दिवाळीत आईच्या रव्याच्या लाडवांनाही तुमची हीच परीक्षा. माझे लाडू बसले की म्हणायचात, "हाताला कळायला हवं गं." त्यांच्या हाताला कळत होतं. "माझ्या हाताखाली एकच माणूस तयार झाला," असं तुम्ही जेवताना आईला सांगायचात, आणि मी समोर बसून भात चिवडत असायचे.

पुढे मी पुण्याहून इंजिनिअर होऊन परत आले, तुमच्याच प्लांटवर लागले, ओलावा मोजायचं मीटर घेऊन. तुम्ही मीटरचं कौतुक केलंत, पण बघत राहिलात त्यांच्या मुठीकडेच. तो ऑगस्ट आठवतो. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरायची. मी सकाळी ओलावा मोजला होता, त्यानंतर माल कित्येक तास त्या दमट हवेत उघडा पडला होता. त्यांनी मूठ दाबली आणि म्हणाले, "मॅडम, पानी कम करो. आज माल गीला है." पुन्हा मोजायला दोन मिनिटं लागली असती. पण त्यांच्या शब्दावरून मोजायचं? ते चहाला गेले आणि मी उलट पाण्याचा व्हॉल्व्ह आणखी उघडला. अर्ध्या तासात थाळीत नारळाएवढे गोळे गडगडायला लागले, तळाशी चिखल धरला आणि मोटर जळाली.

तुम्ही धावत आलात. पाणी कोणी सोडलं, विचारलंत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"साब, मेरी गलती है."

"खलास. कल से तुम पॅकिंग में," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. आणि बाबा, मला बरं वाटलं. आता थाळी माझी, असंच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच तिथे उभे राहिलात, मला मात्र बोलावलं नाहीत. ते वर्षभर गोणी शिवत राहिले आणि मग व्हिसा रद्द करून केरळला निघून गेले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, याचाही मला रागच आला. चांगुलपणातही तेच पुढे.

तुम्ही गेल्यावर आईला त्यांचा फोन आला होता. आईने नंबर डायरीत लिहून ठेवलाय. व्हॉल्व्ह मी उघडला होता, हे तुम्हाला सांगणं सोपं आहे, हे पत्र कुठे जाणारच नाही. कबूल करायला हवं ते त्यांच्यापुढे, की तुम्ही त्यांना विनाकारण दूर केलंत ते माझ्यामुळे. कितीदा तरी रिसीव्हर उचलून ठेवून दिलाय. माफी मागायची लाज वाटते असं नाही. पण फोन केला की ते आधी तुमच्याबद्दल बोलत बसतील, थाळीपाशी तुम्ही काय सांगायचात, कशावर हसायचात, आणि त्यातलं मला काहीच माहीत नसेल. ते ऐकून घेणं मला अजून जमत नाही.