अल्फियसची मोटर आणि मला परत नेण्याची व्यवस्था

मी, ड्रुसिला पार्डी, कै. अल्फियस पार्डी यांची पत्नी, निवृत्त शिक्षिका, राहणार स्क्रेप कोव्ह, न्यूफाउंडलंड, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बाकीच्या शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. पोटातली गाठ वाढते आहे, आणि नर्स मिस ट्रॅव्हर्स यांच्या मते मी नाताळ पाहीन याची खात्री नाही. हे लिहिण्यासाठी मला कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असा माणूस या बेटावर आता नाही आणि गाव भरलेले होते तेव्हाही नव्हता.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे अल्फियसला दिले होते.

१. माझा देह स्क्रेप कोव्हच्या टेकडीवर अल्फियसच्या शेजारी पुरावा. या कागदातले मुख्य कलम हेच. बाकीची त्याच्यासाठी आहेत.

यातली अडचण वाचणाऱ्याला कळावी म्हणून लिहिते. सरकारने गाव उठवले आहे. किनाऱ्याची आगबोट या महिनाअखेर इथे शेवटची थांबेल आणि मला तिच्यातून गट हार्बरच्या वृद्धाश्रमात नेतील. त्याआधी मेले असते तर सगळ्यांचीच सोय झाली असती, पण मिस ट्रॅव्हर्स म्हणतात तसे दिसत नाही. त्यानंतर इथे परत यायचे तर स्वतःची होडी हवी. गट हार्बरचे लोक मासेमारीच्या बोटीत प्रेत ठेवू देत नाहीत. ठेवले की त्या हंगामात जाळी रिकामी येतात असे ते मानतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये, मी घालून पाहिला आहे. वल्ही मारत एवढे अंतर कापू नये. का, ते तिसऱ्या कलमात येईल.

२. माझी होडी आणि तिच्या मागे लावायची मोटर मी माझा पुतण्या कॅल्विन पार्डी याला देते. तो गट हार्बरला मासळीच्या कारखान्याचा ट्रक चालवतो. दोन्ही माझ्याबरोबर आगबोटीवरून गट हार्बरला येतील. अट एकच, मला याच होडीतून परत आणायचे. ऑगस्टमध्ये तो इथे आला होता तेव्हा त्याला विचारले.

"काकी, मोटर चालली तर नेईन. शब्द दिला," तो म्हणाला.

"आणि नाही चालली तर?"

"तर मग मला शब्दात अडकवू नका. घरी दोन लेकरं आहेत माझी."

मुलगा सरळ आहे. त्याला दोष देऊ नये. म्हणजे सगळे येऊन मोटरीवर ठरते.

३. मोटरीविषयी.

ती अल्फियसने दीपगृहावरच्या माणसाकडून जुनी म्हणूनच घेतली होती. तरी पाच वर्षे नीट चालली. मग एका ऑक्टोबरात, शनिवारी संध्याकाळी, तिचे पकडीचे स्क्रू सैल झाले आणि ती गावासमोरच्या पाण्यात गेली. अल्फियसचा धाकटा भाऊ हेडली याने आकडा टाकून ती वर काढली आणि धक्क्यावर आडवी ठेवली.

खाऱ्या पाण्यात बुडालेली मोटर पाण्यात असते तोवर फारशी बिघडत नाही. बाहेर काढून हवा लागली की आतून गंज चढतो. म्हणून काढली की लगेच खोलायची, नाहीतर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायची. हे अल्फियसला ठाऊक होते, हेडलीला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. पण अंधार पडला होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार. स्क्रेप कोव्हमध्ये रविवारी कुणी लाकूड फोडत नाही, जाळे ओढत नाही. जेवणाचे बटाटेसुद्धा शनिवारी सोलून ठेवतात. आमच्याकडे पाद्री वर्षातून दोनदा येई. एरवी चर्चमध्ये प्रार्थना वाचायचे काम हेडलीकडे होते, आणि रविवार पाळला जातो की नाही हे पाहायचे काम त्याने आपणहून घेतले होते.

सकाळी मी धक्क्यावर गेले. स्वच्छ ऊन पडले होते आणि मोटरीवर मिठाचा पांढरा थर दिसत होता. दोघे भाऊ चर्चच्या कपड्यांत तिच्याकडे पाहत उभे होते.

"पिंपात टाका तिला," मी म्हणाले.

"वहिनी, आज नाही. पिंप भरणं हेसुद्धा कामच," हेडली म्हणाला.

"तोंड धुणं हेसुद्धा कामच आहे. तेवढं तू करून आलेला दिसतोस."

"देवाच्या दिवसाची थट्टा करू नका."

"देवाची नाही करत. तुझी करते आहे."

अल्फियसला आमची भांडणे सहन होत नसत. "असू दे, ड्रुसी," तो म्हणाला. "सोमवार काही लांब नाही."

सोमवारी मोटर चालू करायची दोरी ओढली तर हलेना. पिस्टन आत गंजून अडकला होता. रॉकेलमध्ये भिजवून, ठोकून, शिव्या देऊन (शिव्या माझ्या) तो सुटला. मोटर चालली, पण तिचा भरवसा गेला तो गेलाच. पुढच्या वसंतात अल्फियस गट हार्बरहून पीठ आणि दिव्याचे तेल घेऊन परतत होता. मधल्या वाटेवर ती बंद पडली. वारा तोंडावर होता. तो घरापर्यंत वल्ही मारत आला. होडी धक्क्याला बांधली, गाठ नीट मारली आणि तिथेच बसला. मी पोचले तेव्हा संपला होता. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय असे लिहिले. मी मोटर असे लिहिले असते.

त्यानंतर हेडलीशी माझे बोलणे बंद झाले. चर्चमध्ये तो प्रार्थना वाचे आणि मी शेवटी आमेन म्हणे, तेवढेच.

४. या उन्हाळ्यात मोटर दुरुस्त करण्यासाठी काय काय झाले तेही नोंदवते, म्हणजे कॅल्विनने तेच पुन्हा करू नये. प्लग बदलले आहेत. कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला आहे. दोरी नवी आहे. पंख्याची पिन नवी आहे. नव्या सिलिंडरसाठी सेंट जॉन्सच्या दुकानाला लिहिले होते. हे मॉडेल आता कुणी ठेवत नाही असे सभ्य उत्तर आले. नवीच मोटर घ्यावी असे कुणी सुचवील. गाव सोडण्याबद्दल माझ्या वाटणीला आलेले सरकारी पैसे वृद्धाश्रमाने दाखल करून घेतानाच लावून घेतले आहेत.

काल, रविवारी, मी मोटर अंगणात पाणी भरलेल्या पिंपावर लावून दोरी ओढत होते. म्हणजे ओढायला बघत होते, आता हात पुरत नाही. प्रार्थनेची वेळ होती. उरलेली चार घरे चर्चकडे निघाली होती आणि हेडली त्यांच्या समोरून, कामाच्या कपड्यांत, हत्यारांची पेटी घेऊन माझ्या फाटकातून आत आला.

"प्रार्थना कोण वाचणार?" मी विचारले. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

"ज्याला येतं वाचता तो वाचेल. सरका, वहिनी."

"आज रविवार आहे."

"ठाऊक आहे मला वार. पाना द्या तो."

दुपारपर्यंत त्याने ती सगळी खोलली आणि परत बसवली. चर्चमधून परतणारे लोक कुंपणापाशी थांबले आणि पुढे गेले. मग त्याने दोरी ओढली. मोटर बऱ्याच वेळाने चालू झाली. धूर आला, पिंपातले पाणी उसळून माझ्या पायांवर आले. मी तिचा आवाज विसरले नव्हते. मग तो पडत गेला आणि बंद झाला.

हेडलीने पुन्हा वरचे झाकण काढले आणि मला बोट आत घालून बघायला सांगितले. सिलिंडरच्या भिंतीला खड्डे लागले.

"गंजाचे आहेत. दाब धरत नाही," तो म्हणाला. "थंड असताना दोन मिनिटं चालेल, तापली की बसेल. दरवेळी."

"दोन मिनिटांत मला गट हार्बरहून इथे आणता येईल?"

"नाही."

"मग पुन्हा ओढ."

त्याने ओढली. पुन्हा तेच झाले. आणखी ओढली. हात सोलवटले तरी त्याने थांबू का म्हणून विचारले नाही, आणि मीही थांब म्हणाले नाही. शेवटी तो पायरीवर बसला.

"मी वल्ही मारत आणलं असतं तुम्हाला," तो म्हणाला. "पण महिनाअखेरच्या त्याच आगबोटीनं मलाही टोरोंटोला लेकीकडे न्यायचं ठरलंय."

"तू सत्तरीला आलास. टेकडीवर मला एक जागा हवी आहे. तिथे तुझीही सोय करायची माझी इच्छा नाही."

तो हसला. तो असा हसतो हे मी विसरले होते. मी त्याला चहा आणि आदल्या दिवशीची बटाट्याची भाकरी दिली, आणि त्याने ती माझ्या स्वयंपाकघरात बसून खाल्ली.

५. अल्फियसची सगळी हत्यारे मी हेडली पार्डी याला देते. त्याला माफ केले असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही. तो रविवारी आला, एवढे लिहिले आहे.

६. घर आणि मासळी साफ करण्याची शेड यांना आता किंमत नाही. ज्याला जळण हवे त्याने फळ्या न्याव्यात. चूल जड आहे, ती राहू द्यावी. पुस्तके गट हार्बरच्या शाळेला द्यावीत. तिथल्या शिक्षकाने ती कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत.

७. शेजारीण ब्लांश फज हिने मुरांब्याचे माझे पितळी पातेले नेले आणि गाव सोडताना सोबत घेऊन गेली. ते परत मागू नये. आठवण मात्र करून द्यावी.

८. ज्या सरकारी साहेबाने गाव उठवण्याच्या कागदावर सह्या गोळा केल्या त्याला माझ्याकडून काही नाही. तो चहा पिऊन गेला, तेवढे पुरे.

९. कॅल्विनने डिसेंबरअखेरपर्यंत मोटरीसाठी प्रयत्न करावा. त्यानंतर करू नये. चालेल असे मला वाटत नाही आणि त्यालाही वाटत नाही, तरी करावा. मी त्याआधी मेले आणि ती चालत नसेल, तर मला थंडीत गट हार्बरच्या एखाद्या शेडमध्ये ठेवून वाट पाहू नये. पहिले कलम रद्द समजून मला गट हार्बरला पुरावे. तिथे माझ्यासाठी दगड उभारू नये.

१०. दगड मला आहे. अल्फियसचा केला तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे कारागिराने दोघांचीही नावे एकदम कोरली. माझ्या नावाखाली जन्मसाल आहे, त्यापुढे आडवी रेघ आहे आणि पुढची जागा कोरी आहे. मला गट हार्बरला पुरले तर पुढे कधी कुणी होडीने इथे आला, तरी त्याने प्रेमापोटी किंवा दयेपोटी ती जागा भरू नये. कबरीवरचा दगड खाली कोण आहे ते सांगण्यासाठी असतो. तिथे अल्फियस एकटा असेल. दगडावर खोटे लिहिलेले मला चालणार नाही.

वरील सर्व वाचून पाहिले. बदल नाही.

सही: ड्रुसिला पार्डी

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून ही सही होताना पाहिली. सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर होती आणि आमची घाई तिला पसंत नव्हती. हेडली पार्डी यांना यात हिस्सा असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेले नाही.

साक्षीदार: १. ॲग्नेस ट्रॅव्हर्स, जिल्हा परिचारिका, गट हार्बर
२. सायलस हान, आगबोटीवरील कारकून

ठिकाण: स्क्रेप कोव्ह
दिनांक: २० सप्टेंबर १९७१