उजव्या गालातला स्क्रू

बुधवार, दिवेलागण

चहा परत नाकातनं आला. नातू दातांचा डॉक्टर असून माझी ही तऱ्हा!

सुहासनं डावीकडं दात झकास बसवला, म्हणून उजवीकडचा स्कॅन काढलाच न्हाय. म्हणाला, "आजी, दोन्हीकडं सारखंच असतंय की." न्हवतं सारखं. आज मोठ्या डॉक्टरणीनं स्कॅन काढून दाखवला. दाढंच्या वर गालात पोकळी असते, नाकाला जोडलेली, ती माझी उजवीकडं पार खाली उतरलीया. मधलं हाड पापडाएवढं. नवा दात ज्यावर बसतो, तो हाडातला स्क्रू सरळ पोकळीत गेलाय.

तो निघंल. पण उद्या शेजारची शांता सुहासकडंच दात बसवून घेणार. मीच गल्लीभर त्याची टिमकी वाजवलेली. "तिचा स्कॅन काढलास का रं?" विचारलं, तर न्हाय म्हणाला. वर म्हणतोय, "आजी, कुणाला बोलू नकोस. नवा दवाखाना हाय."

ज्याला मांडीवर घेऊन भरवलं, त्याच्याच हातावर भरवसा उरला न्हाय. आता कशातच राम वाटंना. पाणी पिलं, तेबी नाकातनं.

सकाळी शांता विचारायला येणारच, दात कसा हाय म्हणून. मी तोंड उघडणार न्हाय. सुहासनं दारात उभं राहायचं, आणि माझा स्क्रू कुठं गेला ते त्यानंच तिला सांगायचं.