नमुन्यादाखल रामीबाई

केनवड,
१३ ऑक्टोबर

ती. प्रज्वलदादास,

मंजुषाचा साष्टांग नमस्कार (दुकानाच्या खुर्चीत बसूनच घालते आहे, पोचला असे समज). तुझी मान आता कशी आहे? संगणकापुढे वाकून वाकून ती तशीच राहिली, असे वहिनींनी सांगितले. इकडे आम्ही सगळे ठीक. सासूबाईंचे गुडघे ठीक नाहीत, पण त्यांना ते कुणी विचारलेले आवडते, म्हणून पुढच्या फोनला नक्की विचार.

फोनवर तू कायम घाईत असतोस, म्हणून तुझ्या जाहिरातीच्या चित्राचे काय झाले ते लिहूनच कळवते. सोयाबीन काढायच्या हडंब्याचा (तुमच्या पुणेरी भाषेत मळणीयंत्राचा) नंबर मोबाइलवरून लावायचे अ‍ॅप तू पुण्यात बसून केलेस (मी इथे कौतुकाने सांगते, माझ्या भावाने हडंब्याचे सॉफ्टवेअर केले, लोक विचारतात, मग हडंबा कुठे ठेवला) आणि त्याचे स्क्रीनशॉट पाठवून म्हणालास, यांना जरा देखणे कर. मला येते ते पासपोर्ट फोटोचे काम. गालावरचा तीळ पुसायचा, मागचा पडदा निळा करायचा आणि ज्याला कोट नाही त्याला कोट घालायचा. तेच केले. वरची पट्टी आधी कापली, कारण तिच्यात तुझी बॅटरी नऊ टक्के दिसत होती आणि वहिनींचा दूध आणण्याचा निरोप. नवी पट्टी लावून तिच्यात बॅटरी मी पूर्ण भरून दिली. स्क्रीनशॉट फोनच्या चौकटीत बसवला, खाली सावली टाकली, मागे हिरव्याचा हळूहळू पिवळा होत जाणारा रंग दिला. तू सांगितलेस म्हणून फोन किंचित तिरपा केला. (आता दुकानासमोर एसटी स्टँडवर लावलेला फ्लेक्स सगळे माना तिरप्या करून वाचतात. तुझी फार आठवण येते.)

अडचण आली ती आतल्या यादीची. तुझ्या स्क्रीनवर नावांच्या जागी 'शेतकरी १, शेतकरी २' असे होते. खरी वाटतील अशी नावे आणि तारखा घाल, नमुन्यादाखल, असे तूच म्हणालास. खरी वाटणारी नावे मी कुठून आणणार? गावातलीच घातली. सगळ्यात वर रामीबाई, दोन एकर, १० ऑक्टोबर (लहान नाव वर शोभून दिसते). सगळ्यात खाली धनराजभाऊ, वीस एकर.

आता हडंबा आमच्या मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, हे तुला माहीत आहे. पण त्याचा नंबर कसा लागतो ते तुला कुणी सांगितले नसेल. जो ओसरीवर येऊन बसतो, दोन कप चहा घेतो आणि मामाजींचे सगळे बोलणे पटल्यासारखी मान हलवतो, त्याचा नंबर आधी. यादी मामाजींच्या डोक्यात असते. धनराजभाऊ पोळ्यापासूनच बसायला येतात. रामीबाईचा नवरा नाही. पुरुषांच्या बैठकीत ती कशी बसणार? दाराशी उभी राहून सांगते आणि जाते. मागच्या साली तिचा नंबर येईपर्यंत पाऊस आला आणि कापून रचलेल्या सुडीतल्या सोयाबीनला मोड फुटले.

फ्लेक्स रिसोडहून छापून आणला. नुसत्या फोनचा फ्लेक्स आपल्याकडे कुणी पाहत नाही, चेहरा लागतो, म्हणून यादीशेजारी हात जोडलेले मामाजी बसवले, तीळ पुसून आणि कोट घालून. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नमुना' असेही लिहिले होते. दोरीची गाठ नेमकी त्याच कोपऱ्यावर आली.

नऊ तारखेला दुपारी रामीबाई दुकानात आली. तिने फ्लेक्स कुणाकडून तरी वाचून घेतला होता आणि दोन्ही एकर सोंगून, सुडी लावून मोकळी झाली होती. म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं हात जोडून तारीख देल्ली, मंजू. आता आभाय भरून राह्यलं तरी मले भेव नाई." दादा, आभाळ खरेच भरून आले होते. नमुना म्हणजे काय ते तिला सांगायचे सोडून मी झेरॉक्सचे कागद मोजत बसले.

संध्याकाळी मामाजी फ्लेक्ससमोर उभे, मागे निम्मे गाव. "मले न इचारता माह्या हडंब्याचा नंबर कोनं लावला?" मी शटर अर्धे खाली ओढून झेरॉक्सच्या मशीनमागे. तेवढ्यात धनराजभाऊ हसत म्हणाले, "जाऊ द्या ना बबनराव, फोटोतल्या मानसाचं काय धरून बसता!" बस्स. मामाजींनी यादीवरची नजर काढली आणि बराच वेळ स्वतःचा कोट पाहत राहिले. मग म्हणाले, "फोटो माहा हाये, तं जबानही माहीच." दहाला सकाळी हडंबा रामीबाईच्या वावरात गेला. दिवेलागणीला पोती घरात पडली आणि अकराला पाऊस आला. त्या पावसात मी दुकानात एकटी बसून रडले, कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
मंजुषा

ता. क. पुढच्या महिन्यात अ‍ॅप सुरू करतो म्हणालास. तुझ्या कष्टांचे मला कौतुक आहे, पण करू नकोस. मी वापरून पाहिले. जो आधी दाबेल त्याचा नंबर आधी. धनराजभाऊंच्या घरी पाच मोबाइल आहेत. रामीबाईकडे साधा बटणांचा आहे, आणि तिला फक्त आलेला फोन उचलता येतो.

ता. क. २. तुरीच्या मळणीसाठी रिकाम्या यादीचा एक स्क्रीनशॉट तेवढा लवकर पाठव. मामाजींनी नवा फोटो काढून ठेवला आहे, टाय घालायला सांगितला आहे. नावे मी भरीन.