नर्सबाईंची रजा

१२ ऑगस्ट

चि. छोटूस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारच्या लाँचने पोचलं. आपल्या बेटाच्या परिषदेच्या बातम्या कळव म्हणतोस, तर परिषदेच्या या कारकून बहिणीकडून ऐक. धक्क्यावरचा दिवा दुरुस्त झाला. शाळेच्या छपरावर अजून नुसतीच चर्चा. छप्पर गळतंय आणि चर्चाही.

मोठी बातमी मात्र वाईट आहे. दवाखान्याच्या रजिस्टरात दिवसाला जेमतेम दोन रुग्ण दिसतात, म्हणून नर्सबाईंची जागा वर्षअखेर बंद करणार, असं आरोग्य खात्याच्या मुख्य कार्यालयाने कळवलंय. आजाऱ्याने लाँचने तासभर पलीकडे जावं म्हणे. मी सभेत ते पत्र वाचून दाखवलं. आपली आई परिषदेवर निवडून आल्यापासून सभेत अवाक्षर बोलली नव्हती. शेवटच्या खुर्चीत बसून विणकाम चालायचं. तिने सुया मांडीवर ठेवल्या आणि विचारलं की बाई दवाखान्यात बसतात तरी कधी? खरंच की! बाई सकाळपासून पिशवी घेऊन घरोघर फिरतात, रजिस्टर तिकडे टेबलावर पडून. आई म्हणाली, मुख्य कार्यालयातल्या साहेबांना बोलवा, मी त्यांना हिंडवून दाखवते. तिचे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे. मला धास्तीच वाटतेय.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.
तुझी ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईने सभेत तोंड उघडलं हे वाचून मी एक्स-रेच्या खोलीत एकटाच हसलो. बाहेरच्या पेशंटला वाटलं, त्याच्याच फोटोत काहीतरी गमतीदार निघालं. पण एक सांग. आमच्या हॉस्पिटलातल्या नर्सना आठवड्याला एक सुट्टी असते, तरी त्या थकून जातात. बाई तिथे अकरा वर्षं एकट्या आहेत. त्यांना स्वतःला राहायचंय का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय?

आईला माझा नमस्कार. तिला सावकाश चालायला सांग. माझं ऐकणार नाही, तुझंही नाही, तरी सांग.
तुझा छोटू

४ ऑक्टोबर

चि. छोटूस, अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस ते आईने आधीच विचारलं होतं. सभा संपल्यावर ती तडक बाईंकडे गेली. बाई रडल्याच. इथेच राहायचंय म्हणाल्या, पण अकरा वर्षांत बहिणीचं घर पाहिलेलं नाही. बदली नर्स नाही म्हणून कधी रजाच मागितली नाही. छोटू, मी रोज त्यांच्या दारावरून जाते. मला हे कधी सुचलं नाही, याची लाज वाटली.

साहेब गेल्या मंगळवारी आले. अध्यक्षांनी भाषण तयार ठेवलं होतं, पण आईने साहेबांना खुर्चीला टेकूच दिलं नाही. बाईंच्या मागोमाग घेऊन निघाली. जाळी विणणाऱ्या काकांच्या पायाची जखम, शिंपीणबाईंची जुळी, दीपगृहाच्या चढावरचे ते आंधळे आजोबा. पाचव्या घराशी साहेबांनी आपणहून बाईंची पिशवी उचलली. चढावर आई दोनदा खाली बसली, तरी परत फिरली नाही. साहेबांनी विचारलं, हे सगळं रजिस्टरात का नाही? बाई म्हणाल्या, संध्याकाळी परत आलं की हातात पेन धरवत नाही.

जागा राहिली! घरच्या भेटीही आता मोजणार. आईने तिथल्या तिथे पंधरा दिवसांची रजा आणि बदली नर्सही मागून घेतली. मग अध्यक्षांना घोर लागला की बाई तिकडेच रमल्या तर? रजा पुढे ढकलावी म्हणाले. आईने त्यांना सुनावलं, माणसाला अडकवून ठेवून त्याच्याकडून माया करून घेता येत नाही. मी ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलंय.

आईचे गुडघे सुजलेत. विचारलं की दमट हवेवर ढकलते.
तुझी ताई

२६ ऑक्टोबर

चि. छोटूस, अनेक आशीर्वाद.

बाईंची परतीची लाँच काल होती. सगळं बेट धक्क्यावर जमणार होतं, शाळेची मुलं फुलं घेऊन. आईने सकाळीच घरोघर निरोप धाडला की कुणीही जायचं नाही. बाई सुट्टीवरून येताहेत. आल्या तर स्वतःच्या मर्जीने येऊ देत, आपली तोंडं बघून नको.

म्हणून धक्का रिकामा होता, आणि गल्लीतली एकूण एक खिडकी भरलेली. पडद्याआडून अध्यक्षांचं टक्कल मला स्वच्छ दिसत होतं. लाँच लागली. आधी टपालाची पोती उतरली, मग पिठाची. मग बराच वेळ कुणीच नाही. मी आईकडे पाहिलं. ती विणत होती, पण टाके सुटत होते.

मग बाई उतरल्या. नवी साडी, हातात बहिणीने दिलेलं झाडाचं रोप. रिकाम्या धक्क्याकडे पाहून त्या जराशा थबकल्या, मग सरळ चढ चढून आल्या. दवाखान्याची खिडकी उघडल्याचा आवाज आला तेव्हा आईने विणकाम बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, चल, आता मला धरून ने. गुडघे दाखवायचेत.

लोभ असाच राहू दे.
तुझी ताई