हळदीच्या रंगाचं पाणी

पिंपळगाव बसवंत,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय हर्षाली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंचे गुडघे या थंडीत कसे आहेत? दीपकरावांची रात्रपाळी सुटली का? कुसावहिनींचा, म्हणजे तुझ्या आईचा, ऑपरेशन केलेला डोळा निवळला का? आणि तुझा छोटा ओम? खरं तर आधी त्याचंच विचारायचं होतं, पण पेन तिकडे वळेना म्हणून मोठ्यांपासून सुरुवात केली. एक काम आधी कर. हे पत्र इथंच खाली ठेव, आणि ओमच्या पेल्यातलं पाणी ओतून दे. बोअरचं पाणी त्याच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, तीर्थ म्हणूनसुद्धा. उकळूनही नको. नळाला येईल तेवढंच दे, कमी पडलं तर शेजारच्या गल्लीतून भरून आण. मग पुढचं वाच. परवा दोनदा फोन वाजला आणि पलीकडून कुणी बोललं नाही, तो मीच होतो. तुझं 'हॅलो, कोण, काका का?' ऐकलं आणि फोन खाली ठेवला. म्हणून कागद घेतला. वाल्मीकच्या पॅकहाउसचा टेम्पो उद्या नाशिकला येतोय, ड्रायव्हर भिमाजी हे तुझ्या हातात देईल.

मी इथं पोराकडे बरा आहे. द्राक्षाचा हंगाम चालू आहे, वाल्मीक घरी येतो तो जेवायला आणि झोपायला. माझ्या नाकातलं भोक आहे तसंच आहे. जोरानं श्वास घेतला की शिट्टी वाजते, नातवंडं हसतात. लहानपणी तू विचारायचीस, बाबांच्या आणि काकांच्या नाकाला आतून भोक कसं? तुझा बाप चिमाजी म्हणायचा, 'अगं, आमच्या कारखान्यात गड्यांनी नथ घालायची पद्धत आहे!' खरं कारण तुला कुणी सांगितलं नाही. सायकलीच्या हँडलांना चकाकी द्यायच्या टाक्यांवर मी आणि तुझे बाबा एकवीस वर्षं उभे होतो. त्या टाक्यांतल्या क्रोमची वाफ आधी नाकातला पडदा खाते. मग बोटांच्या बेचक्यांत टिकलीएवढ्या जखमा होतात, त्या भरत नाहीत. आम्ही खोबरेल चोळायचो आणि घरी जाताना हात खिशात घालायचो. कुणी विचारलंच तर बढाई मारायचो, की निम्म्या नाशिकच्या सायकली आमच्या हातून चमकून गेल्यात.

१९९६ला कारखाना बंद पडला आणि दुसऱ्या वर्षी चिमाजी गेला. वडाळा नाक्याजवळच्या त्या शेडमध्ये पुढे चार वर्षं कबुतरं नांदली. मग शेड पाडली आणि चार मजल्यांची 'म्हसोबाकृपा' उभी राहिली. तू हट्टानं तिथंच फ्लॅट घेतलास. मला म्हणालीस, 'काका, बाबा जिथं उभे राहायचे ना, बरोबर तिथं माझा ओटा आलाय.' वास्तुशांतीला मी पोटभर जेवलो, जिलेबी दोनदा मागून घेतली, तुझ्या ओट्यावरून हात फिरवला. तोंड मात्र उघडलं नाही. मनाला समजावलं, नळाचं पाणी आहे, वर फरशी आहे, झालं गेलं मातीत गेलं.

आता त्या देवाचं सांगतो. तुमच्या अंगणातला म्हसोबा स्वयंभू नाही. तो मी बसवला. शेडच्या मागे विहीर होती. टाक्या धुतल्या की पिवळं पाणी आणि गाळ आम्ही तिच्यात ओतायचो. हुकूम शेठचा, पण बादली माझ्या हातात. ८८ साली तपासणीचे साहेब येणार असं कळलं. शेठ म्हणाले, विहीर दिसता कामा नये. तिच्यावर स्लॅब टाकला, तरी नवं सिमेंट डोळ्यांत भरायचंच. तेव्हा युक्ती माझ्या डोक्यातून निघाली. गोदेच्या काठावरून एक गोटा सायकलीच्या कॅरिअरला बांधून आणला, तेलात शेंदूर कालवून फासला, स्लॅबवर मधोमध मांडला, पुढे दोन लिंबं ठेवली. साहेबांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि पुढे निघून गेले. आम्ही पोट धरधरून हसलो. स्लॅबच्या कडेला पाइप ठेवलेला होता. पुढची आठ वर्षं देवाच्या पाठीमागून पाणी आत जातच राहिलं.

चिमाजी तेवढा हसला नव्हता. दर अमावास्येला तो त्या गोट्यापुढे नारळ फोडायचा. मी चिडवायचो, 'अरे येड्या, आपणच बसवलाय तो.' तर म्हणायचा, 'त्या दगडाला कुठं माहीत, आपण त्याला कशासाठी बसवलाय?' शेवटच्या आजारात त्यानं माझं मनगट धरलं. 'सावळ्या, विहिरीचं कुणाला तरी सांग.' मी हो म्हटलं. नंतर बिल्डरचा माणूस घरी आला, मागे खड्डा, विहीर काही होती का विचारायला. मी म्हटलं, 'तिथं जागृत देव आहे, हात लावू नका.' विचार करायलाही थांबलो नाही, जुन्या सवयीनं जीभ वळली. त्यांनी भक्तिभावानं देव जागीच ठेवला, टाइल्सचं देऊळ बांधलं. आणि गेल्या उन्हाळ्यात नळ आटले तेव्हा सोसायटीनं बोअर घेतली ती नेमकी देवाला लागून. देवाशेजारचं पाणी गोड निघतं म्हणे.

तुझं पत्र सोमवारी आलं. किती आनंदानं लिहिलंयस, की पाण्याला हळदीची झाक आहे, सगळे त्याला देवाची हळद म्हणतात, आणि सासूबाई ओमला रोज वाटीभर तीर्थ देतात. खाली बारीक अक्षरात, की ओमच्या अंगावर चट्टे उठलेत, पोट दुखतं, म्हसोबाला नवस बोललोय. पोरी, ती हळद नाही. तो रंग मी एकवीस वर्षं पाहिलाय. पाणी आटलं की तो दाटतो, जात नाही. ओमला मोठ्या डॉक्टरकडे ने आणि क्रोमचं पाणी पोटात गेलंय असं स्पष्ट सांग. देव करो नि माझा अंदाज चुको, असं लिहिणार होतो, पण कुठल्या देवाचं नाव घेऊ? कळस चढवायच्या दिवशी जुना कामगार म्हणून मी यावं आणि देव कसा प्रकटला ते सांगावं, असा सोसायटीचा निरोप तू कळवलायस. मी कळसापर्यंत थांबत नाही. या रविवारीच येतो, वाल्मीक पहार घेऊन सोबत असेल. सगळ्यांना अंगणात बोलव. तो गोटा मी माझ्या हातानं उचलीन, लोक मारतील तर मारू देत. तुझ्या बाबांचं नाव निघेल, ते मला टाळता येणार नाही. पण त्याला सांगायचं होतं आणि मी गप्प बसलो, हेही सांगेन. तुझ्या घराची किंमत जाईल, शेजारी तुला बोल लावतील, तेही माझ्यामुळेच. मला दारात उभं करू नकोस, चालेल. भिमाजी खाली टेम्पोत थांबेल. त्याच्या हाती एकच ओळ लगेच लिहून दे, ओमचा पेला ओतलास का.

तुझाच,
सावळीराम काका